चोवीस धोंड्यांची रेघ: स्वतःच्या रानात दगडाचं भूशिल्प कसं मांडावं

मी मांडलेली पहिली रेघ अकरा दगडांची होती, आणि ती एका वर्षात मोडली. काळ्या मातीवर नुसते दगड ठेवले होते. जूनमध्ये माती फुगली, एप्रिलमध्ये तडकली, तीन दगड कलले आणि एक गोलसर धोंडा उतारावरून घरंगळत थेट शेजाऱ्यांच्या कांद्याच्या वाफ्यात. चित्र कागदावर सुंदर होतं. चूक सगळी जमिनीखाली होती. म्हणून हा लेख जास्त करून जमिनीखालच्या कामाबद्दल आहे. वर जे दिसतं ते फार थोडं असतं, आणि थोडंच असायला हवं.

मिनिमल भूशिल्प म्हणजे एक साधा आकार (रेघ, वर्तुळ, भिंत), एकच माल, आणि भोवतीची जागा. रंग नाही, कोरीव काम नाही. १९७० साली रॉबर्ट स्मिथसन यांनी अमेरिकेत युटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठावर काळ्या बसाल्टचा आणि मातीचा सुमारे ४६० मीटर लांबीचा चक्राकार धक्का पाण्यात नेला. ‘स्पायरल जेटी’ म्हणतात तो हाच. बसाल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, सह्याद्री ज्याचा झाला आहे तोच जातीचा दगड. आकार पहिल्या दमात जमला नव्हता. काही दिवसांनी त्यांनी यंत्रं परत बोलावली आणि आकार बदलला. दोनेक वर्षांत तळ्याचं पाणी चढलं, काम बुडालं, आणि बरीच वर्षं बुडूनच राहिलं.

ब्रिटनचे रिचर्ड लाँग याच्या अगदी उलट टोकाचे. चालायचं, वाटेत जे दगड आहेत तेच उचलून रेघ किंवा कडं मांडायचं, फोटो काढायचा, पुढे जायचं. २००३ साली ते आपल्याकडे वारली मुलखात आले होते, आणि त्याच वर्षी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला त्यांचं आणि वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांचं एकत्र प्रदर्शन झालं. घरी करायला मला लाँग यांचा रस्ता बरा वाटतो. यंत्र लागत नाही, आणि फसलं तर दगड परत बांधावर.

आधी आकार ठरवा: रेघच का

वर्तुळ सोपं दिसतं. खुंटी ठोकली, सुतळी फिरवली, झालं. पण आपल्याकडे दगडांचं कडं रिकामं राहत नाही. वेताळाच्या ठाण्याभोवती दगडांचं कडं असतं हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. नागपूरजवळ जुनापाणीला लोहयुगातल्या दफनांवरची तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं आहेत. ती जाऊन जरूर बघा, धोंडे एकमेकांना कसे खेटून बसवलेत ते बघा, आणि एकालाही हात लावू नका. स्मारक संरक्षित आहे. तर वर्तुळाचा अर्थ इथे आधीपासून भरलेला आहे. उभ्या दगडाचं तर विचारूच नका: माझ्या मित्राने बांधाच्या कोपऱ्यावर कमरेएवढा एक दगड उभा केला, तर पंधरवड्यात त्याला शेंदूर लागला होता आणि पुढे नारळाची शेंडी. आता तो दगड मित्राचा नाही.

आडव्या दगडांची रेघ मात्र कुणाची नसते. लोक फार तर विचारतात, ‘बांध घालताय का?’ ‘हो’ म्हणायचं.

पुढे जे सांगतोय ते एका ठरावीक मापाचं आहे: चोवीस दगड, प्रत्येक साधारण ४५ सेंटिमीटर लांब, ३५ रुंद, ४० उंच, दोन दगडांच्या मध्ये ३० सेंटिमीटर मोकळं. म्हणजे दगडाच्या मध्यापासून पुढच्या दगडाच्या मध्यापर्यंत ७५ सेंटिमीटर, आणि सगळी रेघ अठरा मीटरच्या आत. एकूण वजन अडीच टनांच्या आसपास. दोन माणसं, एक पहार आणि सात-आठ सकाळी एवढं पुरतं.

जागा

महिनाभर काही करू नका. सकाळी आणि संध्याकाळी जा, आणि पाऊस पडत असताना एकदा तरी छत्री घेऊन उभे राहा. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे पावसातच कळतं. रेघ उताराला आडवी घातली तर ती ताल होते, म्हणजे पाणी अडवणारा बांध. वरच्या अंगाला गाळ साचतो आणि दोन वर्षांत दगड अर्धे बुजतात. उताराच्या सरळ रेषेत खाली नेली तर दगडांच्या कडेने ओघळ पडतो आणि पाया उघडा होतो. मी माझी दुसरी रेघ उताराला तिरकी ठेवली, आणि मधली ३० सेंटिमीटरची फट हीच पाण्याची वाट झाली. ती फट मला आधी फक्त दिसायला हवी होती. तिचं खरं काम जुलैत समजलं.

कोकणात किंवा गोव्यात असाल तर सड्यावर हे काम करू नका. वरून ओसाड दिसणारा कातळ पावसाळ्यात फुलतो, आणि तिथल्या सुट्या दगडांखाली पाली, बेडूक, विंचू, गोगलगायी यांचे संसार असतात. दगड हलवला की छप्पर गेलं. शिवाय बारसू, उक्षी, कशेळी, देवाचे गोठणे अशा कितीतरी सड्यांवर कातळशिल्पं आहेत. गवताखाली आणखी काय झाकलेलं आहे ते तुम्हाला दिसत नाही. कोकणात परसात किंवा बागेत जागा शोधा.

दगड कुठून आणायचे

सर्वांत चांगला दगड तुमच्याच बांधावर पडलेला असतो. नांगराला लागलेले धोंडे आजोबा-पणजोबांनी उचलून कडेला टाकलेले असतात. पण त्या ढिगाखाली आताही कुणीतरी राहतं, म्हणून ढीग सगळा उपसू नका. वरवरचे घ्या.

नदीपात्रातून किंवा वनखात्याच्या जमिनीतून आणू नका. जंगलातला दगडही १९२७ च्या वन कायद्यात वनोपज धरला जातो. दुसरीकडून माल आणायचा तर तो गौण खनिजात येतो, त्याचं स्वामित्वधन भरावं लागतं आणि वाहतुकीचा परवाना लागतो. तलाठ्यांना आधी विचारलेलं बरं. ट्रॅक्टर रस्त्यात अडवल्यावर ‘कलाकृती आहे हो’ हे उत्तर कुणी ऐकून घेत नाही.

खाणीचा डबर मी एकदा घेतला आणि पस्तावलो. पुरवठादाराने ‘एक नंबर काळा’ म्हणून अर्धा ब्रास टाकला. दगड खणखणीत होता, पण सुरुंगाने फोडलेला. प्रत्येक बाजू ताजी, निळसर राखाडी, धारदार. रेघ मांडली तर घराचं जोतं अर्धवट सोडल्यासारखी दिसायला लागली. ताज्या बाजूचा रंग उतरायला वर्षानुवर्षं लागतात. तो डबर शेवटी खरोखरच जोत्यात गेला.

घ्यायचा तो ऊनपाऊस खाल्लेला. काळा पाषाण कोपऱ्यांकडून झिजतो, कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आतला गोल गाभा राहतो. रानात सापडणारे गोलसर धोंडे असेच तयार होतात. पण गोल गाभा आणि सडका दगड यांतला फरक कळायला हवा, त्यासाठी तीन चाचण्या.

एक, हातोडीने हलकं ठोका. खणखणलं तर चांगला. बद्द आवाज आला तर आत भेग आहे किंवा दगड कुजलाय. दोन, पृष्ठभाग बघा. पांढऱ्या-हिरवट खड्यांनी भरलेली छिद्रं खूप असतील तर तो दगड लवकर झिजतो, आणि लालसर मातकट पट्टा असेल तर तिथूनच फुटतो. तीन, संशय असेल तो दगड रात्रभर पाण्याच्या टाकीत बुडवा, सकाळी काढून उन्हात ठेवा. नख लावल्यावर पापुद्रा सुटला तर तो बाजूला.

जांभ्याचं गणित वेगळं. खाणीतून निघताना तो मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो, म्हणून ताजा चिरा लगेच न वापरता काही महिने उघड्यावर ठेवा. रंगाने तो जमिनीत मिसळतो, पण पावसाळ्यात शेवाळून हिरवागार होतो आणि उन्हाळ्यात काळा पडतो. रेघ वर्षातून दोनदा रंग बदलते. मला ते आवडतं. ज्यांना आवडत नाही त्यांनी जांभा घेऊ नये, ऑइलपेंट तर मुळीच मारू नये.

वजन काढणं

अंदाजाने उचलायला गेलात की कंबर जाते. लांबी, रुंदी, उंची फुटात मोजून गुणा. धोंडा चौकोनी नसतो, म्हणून आलेला आकडा ०.६ ने गुणा. मग ८२ ने गुणा, कारण चांगल्या काळ्या पाषाणाचा एक घनफूट सुमारे ८२ किलो भरतो. दोन फूट लांब, दीड रुंद, एक उंच असा दगड: तीन घनफूट, ०.६ ने गुणून १.८, म्हणजे दीडशे किलोला थोडा कमी. आपल्या चोवीसांतला प्रत्येक एकशे दहाच्या आसपास येतो. हे उचलायचे दगड नाहीत, सरकवायचे आहेत.

(ज्यांना मोठ्या दगडाची हौस आहे त्यांच्यासाठी: मायकेल हायझर यांच्या ‘लेव्हिटेटेड मास’साठी ३४० टनांचा एक ग्रॅनाइटचा धोंडा २०१२ साली लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात आणला, त्या प्रवासाला अकरा रात्री लागल्या.)

मोकळी तालीम

खणण्याआधी चोवीस गोणपाटाच्या पिशव्या कडब्याने किंवा पाचटाने भरा आणि दगडांच्या जागी ठेवा. दोन टोकांना खुंट्या, मध्ये सुतळी, आणि जमीन उंचसखल असेल तर तीन वेळू रोवून डोळ्याने ओळ साधा. पहिला वेळू दुसऱ्याला आणि तिसऱ्याला पूर्ण झाकतो तेव्हा ओळ सरळ. सुतळी चढ-उतारावर फसवते, वेळू फसवत नाहीत. जागा पक्की झाली की चुन्याची फक्की मारा.

पिशव्या आठ दिवस तशाच राहू द्या. घरच्यांना बघू द्या. दूरचे अंतर लहान भासतं, म्हणून शेवटच्या दगडांमधल्या फटी वाढवायचा मोह होतो. वाढवू नका. दुसऱ्या टोकाला जाऊन उभं राहिलात की ती लबाडी लगेच दिसते.

दगडांचा क्रमही इथेच ठरवा. अमेरिकेत हार्टफर्डला कार्ल आंद्रे यांनी १९७७ साली छत्तीस धोंडे आठ ओळींत मांडले: पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, असं करत आठवीत आठ. एकटा आहे तो सर्वांत मोठा, अकरा टनांचा. ओळ वाढते तसे दगड लहान. दगडांना हात लावलेला नाही, फक्त जागा दिलेली आहे. लोकांनी तेव्हा ‘एवढ्या पैशात हे धोंडे?’ म्हणून भरपूर कुरकुर केली. आपल्या रेघेत मी मोठा-लहान असा क्रम लावत नाही. साधारण सारख्या मापाचे निवडतो आणि सर्वांत जड दोन टोकांना ठेवतो, कारण टोकाच्या दगडावर माणसं बसतात.

चर आणि पाया

आता मुख्य काम. दिवाळीनंतर सुरू करा. माती तेव्हा खणण्याजोगी ओलसर असते.

मुरूम असेल तर तुमचं नशीब. रेघेच्या ओळीत ५० सेंटिमीटर रुंद आणि ३० खोल चर खणा. काळी माती असेल तर ती किती खोलवर हलते हे आधी काढावं लागतं, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. एप्रिल-मेमध्ये जमिनीला भेगा पडतात, तेव्हा सर्वांत मोठ्या भेगेत बारीक वेळूची काठी सोडा. जिथवर ती सहज जाते, निदान तिथवर माती फुगते आणि आकसते. माझ्याकडे काठी पावणेदोन फूट गेली. मग मी चर सलग न खणता प्रत्येक दगडाखाली वेगळा खड्डा घेतला, मुरूम लागेपर्यंत. चोवीसांपैकी सोळा खड्ड्यांत तो दोन फुटांवर लागला, बाकीच्यांत तीनवर. भेग फार खोल असेल आणि मुरूम हाताला लागतच नसेल तर जागा बदला.

तळाला मुठीएवढ्या दगडांचा थर, त्यावर मुरूम, दर १५ सेंटिमीटरला पाणी मारून धुमसाने ठोकायचा. वर १५ सेंटिमीटर जागा राहिली पाहिजे. दगडाचा तिसरा हिस्सा जमिनीत जातो तो त्या १५ सेंटिमीटरांत. असा पुरलेला दगड जमिनीतून वर आल्यासारखा दिसतो. नुसता ठेवलेला दगड टेम्पोतून उतरवल्यासारखा दिसतो. तीन मीटरवरूनही फरक कळतो.

सिमेंट नको. पाणी अडतं, सांध्यावर पांढरे डाग फुटतात, आणि एक दगड कलला तर सुधारायला अख्खा ठोकळा फोडावा लागतो. कोकणातला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, बघा, चुना-सिमेंटशिवाय उभा असतो आणि ढासळला तर त्याच दगडांनी परत रचतात. न्यूयॉर्कजवळच्या स्टॉर्म किंग आर्ट सेंटरमध्ये अँडी गोल्ड्सवर्दी यांची १९९७-९८ ची २,२७८ फूट लांबीची नागमोडी भिंतही कोरडीच रचलेली आहे. जुन्या शेतबांधाच्या वाटेने ती झाडांना वळसे घालत जाते.

दगड बसवणं

पायात जाड बूट, हातात हातमोजे, वेळ सकाळी सहा ते दहा. त्यानंतर काळा दगड चटके देतो.

ढिगातला दगड उलटताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे खाली विंचू किंवा फुरसं असलं तर तुमच्या आणि त्याच्या मध्ये दगड उभा राहतो आणि त्याची वाट मोकळी राहते. हात घालण्याआधी काठी. घाई असेल त्या दिवशी हे काम करू नये.

नेण्यासाठी जमिनीवर दोन फळ्या, त्यावर लोखंडी नळ्यांचे तुकडे, त्यावर दगड. खड्ड्याशी पहार. पाच फुटी पहारीच्या टोकापासून सहा इंचांवर टेकू दिला तर जोर नऊ पट होतो. तुम्ही चाळीस किलोचा भार दिलात तर पलीकडे तीनशे साठ. ही गोष्ट शाळेत शिकलो होतो, पण एकशे दहा किलोचा दगड एका हाताने हललेला पाहिला तेव्हा पटली. पहारीच्या टोकाला गोणपाट गुंडाळा. लोखंडाचा ओरखडा दगडावर पांढरा उठतो आणि जात नाही. दगड आणि खड्ड्याच्या कडेमध्ये बोटं कधीच नकोत. सरकवायला लाकडी पाचर आहे.

मला दगड लावायला शिकवलं ते एका म्हाताऱ्या पाथरवटाने. तो प्रत्येक दगड दोनदा फिरवून बघायचा आणि ठरवायचा की पाठ कुठली आणि पोट कुठलं. पाठ म्हणजे ऊन खाल्लेली, काळवंडलेली, जिच्यावर दगडफूल आलेलं असतं ती बाजू. तीच वर. पोट फिकट आणि मातकट, ते जमिनीत. दगडफूल मसाल्यात टाकतो तेच नसेल, पण त्याच कुळातलं. ते फार हळू वाढतं, म्हणून घासू नका, पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नका. माझ्या नवव्या दगडावर नाण्याएवढी फिकट हिरवी चकती आहे. बसवताना ती चुकून खाली गेली होती, आणि दीड तास घालवून दगड परत उलटला.

दगड खाली गेला की चारही कोपऱ्यांवर पाय देऊन बघा. डुगडुगला तर ज्या बाजूला पोकळी आहे तिथे कपची. कपची वरून ठोकायची नाही, आतल्या बाजूने सरकवायची, आणि ती मातीत पूर्ण झाकली गेली पाहिजे. दिसणारी कपची म्हणजे फाटक्या चपलेचा टाका. मग भोवती मुरूम भरून ठोका, आणि वरचे दोन-तीन इंच खणताना वेगळी काढून ठेवलेली माती, म्हणजे तिच्यातलंच गवत परत येतं.

दर चार दगडांनंतर थांबा, खुंटीपाशी जा, ओळ बघा. दगडाची कड सुतळीला लावू नका, दगडाचा मध्य लावा. कडा लावल्या की रेघ कवायतीसारखी ताठ दिसते, आणि दगड तर प्रत्येक वेगळा. मध्य साधला की कडा थोड्या आतबाहेर होतात आणि रेघ तरीही सरळ वाटते.

वरचे माथे एका पातळीत आणायचे की जमिनीच्या चढ-उताराप्रमाणे जाऊ द्यायचे, हे ठरवावं लागतं. पाणीपातळीची नळी लावून माथे सारखे केले तर उतार किती आहे ते रेघच दाखवते: एका टोकाला दगड घोट्याएवढे, दुसऱ्याला गुडघ्यापर्यंत. माझ्या जमिनीला अठरा मीटरमध्ये वीतभर उतार आहे. मी माथे जमिनीबरोबर जाऊ दिले. आज पुन्हा केलं तर नळी लावीन.

पहिला पावसाळा आणि नंतर

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्याच दिवशी जा. दगडांभोवतीचा मुरूम खचलेला असेल, भरा. जुलैत पुन्हा. ऑगस्टमध्ये गवत इतकं वाढतं की रेघ नाहीशी होते. तेव्हा कापू नका, दिवाळीच्या सुमाराला विळ्याने कापा. गवतकटरची तार दगडावर आपटते आणि दगडफूल उडतं. तणनाशकही नको.

फोटो दरवेळी एकाच जागेवरून काढा, त्यासाठी एक खुंटी कायमची ठोकून ठेवा. मी वर्षातून चार वेळा काढतो: मेच्या शेवटी, पाऊस पडत असताना, दिवाळीनंतर, आणि संक्रांतीच्या आसपास सकाळी लवकर, कारण तेव्हाच्या तिरप्या उन्हात चोवीस सावल्यांची दुसरी रेघ पडते.

पहिल्या मेमध्ये, भेगा पडल्या की, सगळ्या दगडांवर पुन्हा पाय देऊन बघा. माझा सतरावा डुगडुगला. काढला, खाली बघितलं तर उंदराने बीळ केलं होतं. मुरूम ठोकून दगड परत बसवला, आणि बीळ पलीकडच्या फटीतून उघडं ठेवलं.